गुळाचं पारडं

उकंडानं शेवटची भेली पारड्यात ठेवली, हात झटकले आणि वर काट्याकडं पाहिलं. काटा हलला नाही. गुळाचं पारडं हवेत लोंबत राहिलं आणि दुसरं, ज्यात प्रेरणा मांडी घालून बसली होती, ते फरशीला टेकलेलंच राहिलं. पोरीनं दोन्ही हातांनी साखळ्या धरल्या होत्या. देवी समोर होती, पण पोरीची नजर आपल्या गुडघ्यांवर होती.

"अजून आना बाई," उकंडा म्हणाला. नेरच्या बाजारात आयुष्यभर कापूस तोललेला मापारी तो. त्याच्या आवाजात ना घाई होती ना हसू. "लय फरक हाय."

"असा कसा फरक? सारा गूळ टाकला का?" पोरीची आजी विमलताई म्हणाल्या.

"पोतं रिकामं हाय, पाहा ना."

विमलताईंनी पोतं उलटं धरून झटकलं. त्यातून चुरा पडला आणि दोन माश्या उडाल्या.

देवळाच्या आवारात सगळी गल्ली जमली होती. विमलताईंनीच जमवली होती, एकेकीच्या दारात उभं राहून, "नातीची तुला हाय, याच लागते" असं दटावून. ही नात जन्मली तेव्हा सव्वा किलोची होती. यवतमाळच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलेली, मांजरीच्या पिलाएवढी. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली, तेव्हा पेटीच्या काचेवर हात ठेवून विमलताईंनी देवीला नवस केला होता: जगली, दहावी पास झाली, तर गुळानं तोलीन. पोरगी जगली. कशी नाही जगणार? विमलताईंनी तिला घरच्या कापसात गुंडाळली, कापसाच्याच बोळ्यानं दूध पाजलं, आणि दात आल्यापासून एक घास तिच्या तोंडात आणि एक टोमणा तिच्या कानात घालायला कधी चुकल्या नाहीत. घास तुपाचा असायचा. टोमणाही काही कोरडा नसायचा.

गूळ आणायच्या आधी त्यांनी तिला विचारलं होतं, "किती भरतं व तू?" पोरीनं पुस्तकातून मान वर न काढता सांगितलं होतं, "पन्नास." तरी विमलताईंनी वर थोडा जास्तच घेतला होता. गूळ उरला तर वाटता येतो. कमी पडला तर माणसाचं हसं होतं.

"काय व विमलताई," मागून कुणीतरी म्हणालं, "नातीले चाराले गूळ असते अन् देवीले द्याले नसते?"

बायका हसल्या. विमलताईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. नेरमध्ये त्यांच्यावर हसून कुणी सुखानं घरी गेलेलं नव्हतं, आणि आता तर अख्खी गल्ली हसत होती. त्यांनी पदर खोचला.

"माह्या गुळाचा काय दोष? थे सरकार म्हने लठ्ठपनावर टॅक्स लावून राह्यलं. थंड्या बाटलीवर लावू का वेफरच्या पुड्यावर लावू, हिचं स्पर्धेचं भाषन चालू हाय घरात. मी म्हनतो, कायले एवढी कटकट? हिच्या एकलीवर लावा. नेर ते यवतमाळ सारा रस्ता डांबराचा होऊन जाईन!"

आता आवार फुटलं. भिंतीला टेकून उभा असलेला त्यांचा मुलगा देवानंदही पोट धरून हसला, स्वतःच्याच पोरीवर. ज्या बाईनं टोमणा मारला होता तिनं तर डोळे पुसले. हरली होती बिचारी. विमलताईंनी सुखानं सगळ्यांकडं पाहिलं. उकंडा तेवढा हसला नव्हता. तो काट्याकडं पाहत होता. आणि ओट्याखाली चपला सांभाळत उभी असलेली शेजारची जोहराबी हसली नव्हती.

"विमल," ती एवढंच म्हणाली.

प्रेरणानं साखळ्या सोडल्या. एक पाय बाहेर ठेवला, मग दुसरा. ती उठली तसं गुळाचं पारडं धाडकन खाली आपटलं आणि भेल्या फरशीवर गडगडत गेल्या. बायका त्या गोळा करायला वाकल्या.

"थांब ना पोरी, दुकानातून आनतो अजून," विमलताई म्हणाल्या.

"झालं ना आजी. मले भाषन पाठ कराचं हाय."

ती चपला घालून निघाली. चालताना ओढणी दोन्ही खांद्यांवरून पुढं ओढून घेतली होती, कडक उन्हात.

"काटा बराबर आल्याबिगर नवस फिटत नाही, बाई," उकंडा साखळ्या गुंडाळत म्हणाला.

घरी येताना जोहराबी गल्लीच्या तोंडाशी थांबली.

"पोट्टीनं तुले पन्नास काहून सांगतलं असन? सोचा कभी?"

"खोटं बोलली, अजून काय! देवीच्या कामात खोटं!"

"तूनं मले विचारलं असतं तं मीबी खोटंच सांगतलं असतं."

"तुले कोन तोलते व जोहरा? वाऱ्यानं उडशीन तू," विमलताई म्हणाल्या. पण नेहमीसारखी जोहराबी हसली नाही.

*

भाषण विमलताईंना पोरीइतकंच पाठ होतं. अक्षर ओळखीचं नसलं तरी कान शाबूत होते. स्वयंपाकघराच्या पलीकडं तुरीची पोती ठेवायची खोली, आणि तिथंच प्रेरणा पोत्यांपुढं उभी राहून बोलायची. अकरावीत गेल्यापासून ती भाषणात तालुक्यात दोनदा पहिली आली होती. आता यवतमाळला जिल्ह्याची वादविवाद स्पर्धा होती आणि विषय होता, लोकांचा लठ्ठपणा कमी करायला सरकारनं कर लावावा का. तिच्या वाट्याला "लावावा" आलं होतं.

देवानंदाला ते फारसं रुचलं नव्हतं. त्याचं बस स्टँडवर थंड्या बाटल्यांचं आणि वेफरच्या पुड्यांचं दुकान. "माह्याच दुकानावर टॅक्स लाव बापा," तो पोरीला म्हणायचा, "अन् बापाले जुंप वखराले." पोरगी हसायची आणि ते दुकानच भाषणात घालायची: माझ्या वडिलांचंच दुकान आहे, म्हणून सांगते, या बाटल्या शाळा सुटल्यावर कोण नेतं ते मी रोज बघते.

आणि मग यायचा तो भाग. "मी जन्मले तेव्हा माझं वजन सव्वा किलो होतं," असं ती म्हणायची, की विमलताईंचा हात परातीत थांबायचा. "माझ्या आजीनं मला कापसात गुंडाळून जगवलं. ती शाळेत गेली नाही, पण भूक काय असते ते तिला पुस्तकापेक्षा जास्त ठाऊक आहे. तिच्या हातच्या तुपावर कर लावा, असं मी कधीच म्हणणार नाही. ज्या घासामागं आजी उभी नाही, नुसता कारखाना उभा आहे, त्या घासावर कर लावा."

एवढं ऐकलं की विमलताई भाकर थापायला लागायच्या, जरा जास्तच जोरात. गल्लीत त्यांनी कुणाला सांगायचं बाकी ठेवलं नव्हतं. "माह्यं नाव यवतमाळच्या हॉलात घेनार हाय नात," म्हणायच्या. जोहराबीला तर सोबत यायची आणच घातली होती.

तुलेच्या दिवसापासून पाठांतर गच्चीवर सुरू झालं. खोलीत उकडतं, असं सून, पोरीची आई, म्हणाली. विमलताईंना पटलं. उकडत तर होतंच.

*

यवतमाळच्या कॉलेजचा हॉल भरला होता. विमलताई इरकली नेसल्या होत्या आणि मांडीवर रुमालात बांधलेले डिंकाचे लाडू होते, पोरगी बोलून उतरली की तिच्या तोंडात घालायला. जोहराबी त्यांच्या शेजारी बसली होती. एसटीत प्रेरणा मैत्रिणीजवळ पुढं बसली होती. भाषणाची धाकधूक असते, विमलताईंनी जोहराबीला सांगितलं होतं, न विचारताच.

आधी ढाणकीचा एक उंच, काटकुळा पोरगा बोलला. तो म्हणाला, ज्याच्या खिशात पैसा आहे तो कर भरूनही खाईल. निंदणाला गेलेल्या बाईचं लेकरू आठवड्यातून एकदा दहाचा पुडा मागतं, तो त्याच्या हातातून काढून घेऊन सरकार कुणाला बारीक करणार आहे? आधी भाजी स्वस्त करा, फळं स्वस्त करा, मग आमच्या ताटात बघा.

"बराबर बोलते पोट्टं," विमलताई पुटपुटल्या. मग आठवलं की तो पलीकडच्या बाजूचा आहे. "पन आपली खाऊन टाकते त्याले, पाहा तू."

प्रेरणाचं नाव पुकारलं. ती मंचावर चढत असताना मागच्या रांगेत यवतमाळचीच दोन-तीन पोरं खुसुखुसु हसली. एकजण म्हणाला, "टॅक्सवाली आली," आणि बाकीचे तोंडावर हात धरून वाकले. विमलताई गर्रकन मागं वळल्या. जिभेवर शब्द तयारच होते, त्या पोरांच्या सात पिढ्यांना पुरले असते. पण तो शब्द, टॅक्स, कानात अडकला. त्या पुन्हा पुढं वळल्या.

पोरीनं ते ऐकलं होतं की नाही, कळलं नाही. तिनं माइक आपल्या उंचीवर आणला आणि बोलायला लागली. बापाचं दुकान आलं. शाळा सुटल्यावर येणारी लेकरं आली. तंबाखूच्या पुडीवर कर वाढवताना कुणी रडलं नाही, मग साखरेच्या पाण्याला एवढी माया का, हे आलं. ढाणकीच्या पोराकडं वळून ती म्हणाली, भाजी स्वस्त करा हे तुमचं मला मान्य आहे. या कराचाच पैसा त्या भाजीला लावा. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. विमलताईंनी जोहराबीच्या दंडाला धरलं.

"आता माह्यं येते. ऐक."

"मी जन्मले तेव्हा," प्रेरणा म्हणाली, "माझं वजन सव्वा किलो होतं."

ती थांबली. पुढचं वाक्य विमलताईंच्या ओठांवर आलं, आवाज न करता. माझ्या आजीनं मला.

"आज किती आहे, ते मी सांगणार नाही," प्रेरणा म्हणाली. "मला विचारलं तर मी खोटं सांगते. कारण ते विचारलं जातं तेव्हा लोक हसायच्या तयारीत असतात. म्हणून माझी सरकारला एकच विनंती आहे. कर बाटलीवर लावा, पुड्यावर लावा, कारखान्यावर लावा. माणसावर लावू नका. माणसावरचा कर आमच्यातले काही जण आधीच भरतात, रोज, प्रत्येक घासाला, घरच्यांच्या हसण्यात. एवढी वर्षं भरतोय. त्यातून अजून एकही रस्ता झालेला नाही."

हॉलमध्ये टाळ्या वाजल्या, मागच्या रांगेतूनसुद्धा. विमलताईंचा हात जोहराबीच्या दंडावर होता. तो त्यांनी काढून घेतला, आणि कुठं ठेवावा ते न कळून लाडवांच्या रुमालावर ठेवला. आजूबाजूला सगळे टाळ्या वाजवत होते. ऐकणाऱ्या एवढ्या माणसांत त्या रस्त्याची गोष्ट दोघींनाच ठाऊक होती, आणि त्यातली एक शेजारी बसून समोर बघत होती, मुद्दाम.

कापूस आला नाही. तूप आलं नाही. भाषण संपलं.

ढाणकीचा पोरगा पहिला आला, प्रेरणा दुसरी. दोघांचीही अमरावतीच्या फेरीसाठी निवड झाली. बाहेरच्या व्हरांड्यात चष्मा घातलेल्या एक प्राध्यापिका तिच्या पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या.

"घरचं कोण आलंय गं?"

"माझी आजी," प्रेरणानं बोट दाखवलं.

"वा! आजी, फार सुंदर बोलली नात. तो रस्त्याचा मुद्दा तर काळजालाच लागला. कुठून सुचला गं तुला?"

प्रेरणानं आजीकडं पाहिलं. विमलताईंनी पदराचं टोक मुठीत धरलं. पोरीच्या नजरेला नजर द्यायची होती, पण त्यांची मान आपोआप खाली गेली.

"असाच, मॅडम," पोरगी म्हणाली. "वाचला होता कुठं तरी."

"आजी काही बोलत नाहीत?" मॅडम हसल्या. "नातीनं बोलणं उचललं ते कुणाचं मग?"

पन्नास वर्षं नेरच्या चावडीपर्यंत आवाज पोहोचवलेल्या त्या बाईनं लाडवांचा रुमाल पदराखाली सरकवला.

*

परतीच्या एसटीत प्रेरणा मैत्रिणीच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. विमलताई तिच्या मागच्या बाकावर बसून तिच्या मानेकडं पाहत होत्या. जन्मली तेव्हा ती मान त्यांच्या बोटाएवढी होती. धरायलाही भीती वाटायची. रुमालाची गाठ त्यांनी दोनदा सैल केली आणि दोनदा पुन्हा आवळली.

"दोन शब्द बोल तिच्याशी," जोहराबी हळूच म्हणाली.

"कोनते?"

जोहराबीनं वळून पाहिलं. विमल टोमणा मारून राहिली का, हे तिनं बघितलं असावं. तसं नव्हतं. विमलताई खरंच विचारत होत्या.

"थेच तं मुश्किल हाय," जोहराबी म्हणाली, आणि खिडकीची काच लावली.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीच्या आधी उकंडा दारात आला. सोमवारी तराजू मोकळा आहे म्हणाला. गूळ आणून ठेवला तर अर्ध्या घंट्यात काम उरकून टाकू. देवानंद ओट्यावर बसला होता. "उरकून टाक माय," तो म्हणाला, "लोक विचारून राह्यले, देवीचं अर्धवट काहून राह्यलं म्हून."

"राह्यलं तं राह्यलं," विमलताई म्हणाल्या.

"नवस हाय बाई," उकंडा चाचरला. "असा लटकत ठेवू नाही."

"माह्या तोंडचा नवस हाय. फेडाले कमी पडली थे मी पडली, पोट्टी नाही. इच्यारलं कोनी तं हेच सांगजो. साऱ्याईले सांगजो." त्यांचा आवाज एकदम चढला आणि तसाच खाली आला. "पोट्टीले पुन्हा पारड्यात बसवनार नाही मी."

उकंडानं त्यांच्याकडं नीट पाहिलं, काट्याकडं बघायचा तसं. मग मान हलवून निघून गेला. थोड्या वेळानं देवानंद उठून दुकानाकडं गेला, जाताना आईकडं न बघता.

आत प्रेरणाचं पाठांतर सुरू झालं होतं. गच्चीवर वारा सुटला होता म्हणून ती पुन्हा तुरीच्या खोलीत आली होती. विमलताई भाकरी थापत होत्या. दुकान गेलं, शाळकरी लेकरं गेली, साखरेचं पाणी गेलं. "मी जन्मले तेव्हा माझं वजन सव्वा किलो होतं," पोरगी म्हणाली, आणि विमलताईंचा हात परातीत थांबला.

"आज किती आहे, ते मी सांगणार नाही."

हातातली भाकर कडेला चिरली. त्यांनी ती मोडली, पाण्याचा हात लावून पीठ पुन्हा मळलं, आणि पलीकडचा आवाज पुढं सरकत असताना त्यांचे ओठही हलू लागले, एकेक शब्द त्याच्यामागून. घरच्यांच्या हसण्यात. एकही रस्ता. त्या आधीच्या भाषणासारखंच हेही पाठ होत होतं. त्याला वेळ लागला नाही.

जेवायला पोरगी नेहमीच्या जागी बसली, तव्याशेजारी, आजीच्या हाताजवळ. पहिली भाकर तिनं वांग्याच्या भाजीशी खाल्ली. मग हात पुढं केला आणि तो नेहमीसारखा अर्ध्यात थांबवला. दुसऱ्या भाकरीआधी काहीतरी यायचं असे. कधी "पोट हाय का पोतं," कधी "दारं रुंद करा लागतीन आता." रोज नवं यायचं, विमलताईंना जुनं वापरायची सवय नव्हती. ते ऐकून मग भाकर घ्यायची, असा त्या घरचा रिवाज होता, कुणी न घातलेला.

विमलताईंनी तव्यावरची फुगलेली भाकर काढली, तिच्यावर तूप सोडलं आणि पोरीच्या ताटात ठेवली. टोमणा आला नाही.

प्रेरणा थांबून राहिली. सुनेनंही हातातला घास तसाच धरला. बाहेरून कुणाची तरी मोटरसायकल गेली.

मग पोरीनं भाकर मोडली, अर्धी घेतली आणि अर्धी ताटाच्या काठावर सारली. विमलताईंनी ती अर्धी उचलून आपल्या ताटात ठेवली आणि खाली मान घालून खाऊ लागल्या. तूप त्यांच्या बोटांवरून मनगटाकडं ओघळलं, तरी त्यांनी पुसलं नाही.

आणि पोरगी घास चावता चावता आजीच्या तोंडाकडं पाहत राहिली, अजून काही यायचं आहे असं.